न्यूटर: हाही नाही, तीही नाही

[दृश्य: बंद दुकानाच्या पायरीवर झोपलेलं कुत्रं. कॅमेरा हळूहळू कानाजवळ.]

कानाला ही खाच दिसतेय? म्हणजे याचं निर्बीजीकरण झालंय. गल्लीत कुणी एवढा जड शब्द वापरत नाही. 'ऑपरेशन झालंय त्याचं', एवढंच म्हणतात. इंग्रजीत याला म्हणतात न्यूटर.

आज हा शब्द ऐकला की आधी सुरी आठवते. मुळात मात्र त्यात कापाकापी नाहीच. लॅटिनमधलं 'ने' म्हणजे नाही आणि 'उटर' म्हणजे दोहोंपैकी कुठलाही एक. ग्रीक वैयाकरणांच्या 'उदेतेरोन'चा हा सरळ उल्था. आपल्या 'नपुंसक' शब्दात नकार आहे तो फक्त पुरुषाला. 'स्त्रीही नाही' हे वैयाकरणांनी अर्थ सांगताना जोडलं. लॅटिन शब्द दोघांनाही सारखाच दूर ठेवतो.

[दृश्य: जुन्या कोशाचं पिवळं पान.]

चौदाव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्रजीत आला, तोही व्याकरणाच्या वहीतून. पुढे भांडणात कुणाचीच बाजू न घेणारा माणूसही न्यूटर झाला. सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५च्या कोशात तर झोपणे, धावणे ही क्रियापदंसुद्धा न्यूटर आहेत! आपण त्यांना अकर्मक म्हणतो. डार्विनने १८५९ साली कामकरी मुंग्यांना हेच नाव वापरलं. त्या वांझ माद्या असतात हे माहीत असूनही.

प्राण्याला न्यूटर 'करणं' हे क्रियापद बरंच नंतरचं. तेही बहुधा नराबद्दल वापरतात. मादीसाठी 'स्पे' असा वेगळा शब्द आहे. दोघांपासून अंतर राखणारा शब्द शेवटी एकाच्याच वाट्याला गेला, ही गंमतच.

गंमत आणखी आहे. जुन्या इंग्रजीत 'वीफ', म्हणजे बाई, नपुंसकलिंगी होती. हसण्याआधी गोव्यात कान द्या: 'चेडूं आयलें'. मुलगी आली, पण क्रियापद नपुंसकलिंगी. त्यात कुणाला काही कमी वाटत नाही. इंग्रजीच्या नामांची लिंगं पुढे झडून गेली. मराठी-कोकणीने मात्र तिन्ही सांभाळली. आपलं मूल, लेकरू, वासरू, पाखरू, सगळी 'ते'च.

[दृश्य: कुत्रं उठतं, आळस देतं, खाचेचा कान झटकतं.]

ऑपरेशनच्या आधीही गल्ली याला 'ते कुत्रं'च म्हणत होती.