पोटाची तक्रार, मेंदूची नोंद

(दृश्य : कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक, सकाळ.)

नाशिकमध्ये सकाळचा फेरफटका आटोपून बाकावर टेकलेल्या ज्येष्ठांच्या गप्पांत गुडघे, शुगर, बीपी असे सगळे विषय मोकळेपणाने निघतात. पोट साफ होत नसल्याची तक्रार मात्र बहुधा रात्रीच्या इसबगोलवरच भागवली जाते.

आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा शौचास होणे, खडा होणे, कुंथावे लागणे आणि जाऊन आल्यावरही पोट मोकळे न वाटणे, यांपैकी काही लक्षणे महिनोन्‌महिने टिकली, की त्या अवस्थेला जुनाट बद्धकोष्ठता म्हणतात. उतारवयात तिचे प्रमाण वाढते. कवळीमुळे भाकरी सुटते, रात्री उठावे लागू नये म्हणून पाणी कमी प्यायले जाते आणि लोह, कॅल्शियम किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या त्यात भर घालतात.

(दृश्य : एमआरआय कक्ष.)

आतड्याच्या भिंतीत कोट्यवधी चेतापेशींचे स्वतःचे जाळे असते आणि मेंदूला पोटाशी जोडणाऱ्या व्हेगस चेतेतील सुमारे 80 टक्के तंतू शरीराकडून मेंदूकडेच संदेश नेतात. मलाशय भरल्याचा संदेश पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूतून मेंदूतील थॅलॅमस या भागापर्यंत जातो, इन्सुला या भागात त्याची जाणीव होते आणि आत्ता जायचे की थोपवायचे, हे ठरवण्यात मेंदूचा पुढचा भाग सामील होतो. मेंदूचे काम टिपणाऱ्या कार्यात्मक एमआरआयमध्ये माणूस नुसता स्वस्थ पडून असतानाही ज्या भागांतील रक्तातल्या ऑक्सिजनशी निगडित संकेत एकाच लयीत वरखाली होतात, ते भाग परस्परांशी जोडलेले मानले जातात. बद्धकोष्ठतेच्या रुग्णांत इन्सुला, सिंग्युलेट आणि थॅलॅमस या मेंदूच्या भागांच्या जोडणीत निरोगी व्यक्तींपेक्षा फरक आढळले आहेत.

येथे घाई मात्र नको. वय वाढताना ही जोडणी तशीही सैलावते, त्यामुळे तुलना समवयस्कांशीच व्हायला हवी. शिवाय आधी आतडे मंदावले की आधी मेंदू बदलला, हे एका स्कॅनवरून ठरत नाही. पार्किन्सन्स या मेंदूच्या आजारात हात थरथरू लागण्याच्या कितीतरी वर्षे आधी बद्धकोष्ठता दिसू शकते, पण म्हणून पोट साफ न होणाऱ्या प्रत्येक आजोबांनी धास्ती घेण्याचे कारण नाही.

(दृश्य : दवाखान्यातील टेबलावर गोळ्यांचा डबा.)

या तक्रारीसाठी स्कॅन सहसा लागत नाही; डॉक्टर आधी गोळ्यांचा डबा पाहतात आणि शौचाची सवय विचारतात. मात्र उतारवयात हा त्रास नव्यानेच सुरू झाला असेल, शौचातून रक्त जात असेल किंवा वजन घटत असेल, तर चूर्णावर दिवस न काढता तपासणी लगेच करून घ्यावी.