मताकडून प्रश्नाकडे

विद्यार्थीमित्रहो, रसायनशास्त्राच्या पहिल्या तासाला येणाऱ्यांची संयुगांविषयी ठाम मते नसतात. राज्यशास्त्राच्या वर्गात मात्र प्रत्येक जण मते घेऊनच येतो. कोणते सरकार बरे, निवडणुकांना काही अर्थ उरला आहे की नाही, याची उत्तरे अभ्यास सुरू होण्याआधीच तयार असतात. ती टाकून द्या असे मी म्हणणार नाही; ते कोणाला जमतही नाही. आपल्या मतात वस्तुस्थितीविषयीचे विधान किती आणि मूल्याविषयीचा निर्णय किती, हे वेगळे करून पाहणे मात्र पहिल्या वर्षातच शिकले पाहिजे, कारण दोहोंची तपासणी वेगवेगळ्या रीतीने होते.

एक उदाहरण सविस्तर घेऊ. ब्रिटनच्या २०१५ च्या सार्वत्रिक निवडणुकीत युनायटेड किंग्डम इंडिपेंडन्स पार्टीला सुमारे ३८ लाख ८० हजार, म्हणजे १२.६ टक्के मते मिळाली आणि ६५० जागांपैकी एकच जागा पदरात पडली. त्याच निवडणुकीत स्कॉटिश नॅशनल पार्टीला साडेचौदा लाखांच्या आसपास, म्हणजे ४.७ टक्के मते मिळाली आणि तिचे ५६ उमेदवार निवडून आले. हे ऐकताच ‘हा अन्याय आहे’ असे कोणीही म्हणेल. पण आधी हे घडले कसे ते पाहावे लागते. तेथे प्रत्येक मतदारसंघातून एकच प्रतिनिधी निवडला जातो आणि सर्वाधिक मते मिळवणारा विजयी होतो. निम्म्याहून अधिक मतांची अट नसते. साहजिकच एकूण मते किती, यापेक्षा ती कोठे एकवटली आहेत याला अधिक महत्त्व येते. पहिल्या पक्षाची मते दूरवर विखुरलेली होती; दुसऱ्याने फक्त स्कॉटलंडमधील ५९ जागा लढवल्या होत्या. इथपर्यंतचे स्पष्टीकरण पुराव्याने तपासता येते आणि त्यासाठी कोणत्याही पक्षाविषयी आपुलकी वा राग असण्याची गरज नसते.

मग अन्यायाचे काय? मतांच्या प्रमाणात जागा हाच प्रतिनिधित्वाचा अर्थ मानला, तर हा निकाल विपरीत ठरतो. विशिष्ट भूभागाला उत्तरदायी असलेला एक प्रतिनिधी आणि मतदारांना थेट बदलता येणारे एकपक्षीय सरकार यांना अधिक मोल दिले, तर तोच निकाल त्या पद्धतीची सोसण्याजोगी किंमत ठरतो. आकडे कितीही जमवले तरी ही निवड ते करून देत नाहीत. तिथे युक्तिवादच करावा लागतो. राजकीय सिद्धान्ताचा पेपर अभ्यासक्रमात असतो तो यासाठी. व्याख्या पाठ करण्याचा विषय म्हणून त्याच्याकडे पाहणारे विद्यार्थी (आणि काही प्रश्नपत्रिकाही) त्याचे फार नुकसान करतात.

राज्यशास्त्रात प्रयोगशाळा नाही. एखाद्या देशाची निवडणूक पद्धत बदलून काय होते ते पाहण्याची मुभा अभ्यासकाला नसते. म्हणून तुलना करावी लागते. ॲरिस्टॉटलच्या नावावर १५८ राज्यव्यवस्थांच्या वर्णनांचा संग्रह सांगितला जातो; त्यापैकी अथेन्सचे वर्णन तेवढे बहुतांशी हाती आले आहे. जर्मनीची तुलना आपल्या उदाहरणाला विशेष उपयोगी आहे. वायमार प्रजासत्ताकात, म्हणजे पहिल्या महायुद्धानंतर स्थापन होऊन १९३३ मध्ये कोसळलेल्या जर्मन लोकशाहीत, प्रमाणशीर प्रतिनिधित्व (मतांच्या प्रमाणात जागा) होते, सभागृह अनेक पक्षांत विभागलेले असे आणि सरकारे अल्पजीवी ठरत. १९४९ च्या मूलभूत कायद्याने, म्हणजे पश्चिम जर्मनीच्या राज्यघटनेने, अशी तरतूद केली की, चॅन्सेलरला (सरकारच्या प्रमुखाला) अविश्वासाने हटवायचे असेल तर सभागृहाने त्याचा उत्तराधिकारीही बहुमताने निवडला पाहिजे. निवडणूक कायद्याने प्रमाणशीरतेचे तत्त्व सोडले नाही, पण जागांच्या वाटपात सहभागी होण्यासाठी लहान पक्षांना साधारणपणे किमान पाच टक्के मतांची अट घातली. यावरून ‘प्रमाणशीर पद्धतीमुळे वायमार कोसळले’ असे उत्तरपत्रिकेत लिहू नका. जागतिक मंदी आणि राष्ट्राध्यक्षांचे आणीबाणीचे अधिकार वगळून ती घटना समजत नाही.

आता जरा मागे वळून विचारा : ज्या लाखो मतदारांच्या वाट्याला एकच जागा आली, तेही त्या संसदेचे कायदे का पाळतात? शिक्षेचे भय हे उत्तर अपुरे आहे, कारण प्रत्येकामागे शिपाई उभा करणे कोणत्याही राज्यसंस्थेला शक्य नसते. इंग्लंडमधील यादवी युद्धाच्या काळात लिहिणाऱ्या तत्त्वज्ञ हॉब्जने १६५१ मध्ये असे मांडले की, सार्वभौम सत्ता नसेल तर जगणेच असुरक्षित होते, म्हणून आज्ञापालन शहाणपणाचे आहे. त्याच शतकातील इंग्रज तत्त्वज्ञ लॉकने शासनाचा पाया शासितांच्या संमतीत शोधला आणि विश्वासघात करणाऱ्या शासनाला विरोध करण्याचा हक्क मान्य केला. जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरने परंपरा, नेत्याचे असामान्य व्यक्तिमत्त्व आणि कायद्याने ठरलेली कार्यपद्धती असे अधिमान्यतेचे, म्हणजे सत्ता योग्य मानली जाण्याचे, तीन आधार सांगितले. या तिघांना एका रांगेत बसवून ‘आज्ञापालनाची कारणे’ असे टिपण काढण्याचा मोह होतो, परंतु त्यांचे प्रश्न एक नाहीत. हॉब्ज आणि लॉक सत्तेची आज्ञा का पाळावी हे सांगतात. लोक एखादी सत्ता योग्य का मानतात, हे वेबर विचारतो, आणि ती खरोखरच योग्य आहे की नाही याचा निवाडा तो त्या वर्गीकरणात करत नाही.