रक्ताचा सामू आणि आपलं ताट

श्रोतेहो, नमस्कार.

‘हे पाणी प्या, रक्तातलं आम्ल उतरेल’ अशा छापाचे सल्ले हल्ली मोबाइलवर रोज येऊन पडतात. पाणी प्यायला माझी हरकत नाही. हरकत आहे ती बाटलीवरच्या दाव्याला.

रक्ताचा सामू, म्हणजे पीएच, हा रक्त किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे ते सांगणारा आकडा; तो ७.३५ ते ७.४५ एवढ्या अरुंद पट्ट्यात असतो. निरोगी माणसाने काहीही खाल्लं-प्यायलं तरी तो तिथून फारसा हलत नाही. आम्ल वाढलं की रक्तातलं बायकार्बोनेट, म्हणजे आम्ल निवळवणारा एक घटक, ते लगेच झेलतं. त्यातून कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि तो फुफ्फुसं बाहेर टाकतात. भराभर जिना चढल्यावर लागणारी धाप नुसती ऑक्सिजनसाठी नसते, हा वायू काढून टाकण्याचीही ती घाई असते. उरलेलं आम्ल मूत्रपिंडं लघवीवाटे काढतात, मात्र त्यांचं काम सावकाश, तासन् तास चालतं. आहाराने बदलतो तो लघवीचा सामू, साधारण ४.५ ते ८ च्या दरम्यान. चाचणीच्या पट्टीचा रंग बदलला म्हणून खूश होऊ नका. मूत्रपिंडं कामावर आहेत, एवढंच त्यातून कळतं.

मग खाण्याने काहीच फरक पडत नाही का? पडतो की! मिठाचंच बघा. मीठ जास्त झालं की रक्तातलं सोडियम वाढू लागतं. लगेच तहान लागते, मूत्रपिंडं पाणी धरून ठेवतात आणि सोडियमचं प्रमाण पुन्हा जागेवर येतं. तपासणीच्या कागदावर आकडा अगदी ठाकठीक! पण रक्ताचं आकारमान वाढलेलं असतं आणि बऱ्याच जणांचा रक्तदाब त्याबरोबर चढतो. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे चहाचा एक चमचाही भरत नाही. पाकीटबंद पदार्थांतलं मीठही त्यातच धरायचं.

फळं, भाज्या, कडधान्यं यांतलं पोटॅशियम जादा सोडियम बाहेर काढायला मदत करतं. ज्यांची मूत्रपिंडं अधू आहेत त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय पोटॅशियम वाढवू नये. ‘कमी सोडियमचं’ म्हणून मिळणारं मीठसुद्धा त्यात आलं. त्यात बहुधा पोटॅशियम क्लोराइड असतं, आणि रक्तात पोटॅशियम साठलं तर हृदयाचे ठोके बिघडतात.

जेवणानंतर थोडं चाला. चालते स्नायू रक्तातली साखर इन्सुलिनची फारशी वाट न बघता ओढून घेतात. उलट झोप अपुरी झाली की पेशी इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी भूकही जरा जास्तच लागते.

आता झोपच येत नाही म्हणणाऱ्यांसाठी एक हिशोब. शरीरातलं कॅफिन निम्म्यावर यायला साधारण ५ तास लागतात; कुणाला कमी, कुणाला जास्त. संध्याकाळी ५ वाजता घेतलेल्या कॉफीतलं निम्मं कॅफिन रात्री १० वाजताही अंगात असतं. तेव्हा झोपेची गोळी मागण्याआधी दिवसातली शेवटची कॉफी किती वाजता होते, ते बघा.

नमस्कार.