धुक्यातलं बोलणं: सॅन फ्रान्सिस्कोचा चॅनेल १४

गोल्डन गेट पुलाचे मनोरे तेवढे वर दिसतायत. खालचा रस्ता, पाणी, जहाजं सगळं धुक्यानं गिळलंय. अशा वेळी स्कॅनर, म्हणजे इतरांचं रेडिओवरचं बोलणं ऐकायचं यंत्र, १५६.७ मेगाहर्ट्झवर, म्हणजे जहाजांच्या वाहतुकीच्या चॅनेल १४ वर लावायचा. स्क्वेल्चचं, म्हणजे खरखर दाबण्याचं बटण, ती थांबेपर्यंतच फिरवायचं. जरा जास्त फिरलं की लांबचे क्षीण आवाज कापले जातात. या लहरी साधारण सरळ रेषेत जातात, म्हणून टेकडीवर बसलेल्याला जास्त ऐकू येतं.

"सॅन फ्रान्सिस्को ट्रॅफिक..." हाक जाते खाडीतल्या येरबा बुएना बेटावरच्या, तटरक्षक दलाच्या जहाज वाहतूक केंद्राला. जहाज कुठे आहे, पुलाच्या कोणत्या गाळ्याखालून जाणार, हे पायलट, म्हणजे जहाजाला खाडीतून वाट दाखवणारा जाणकार, सांगतो. मग चॅनेल १३ वर दोन पायलट आपसात बोलतात. "वन व्हिसल?" "वन व्हिसल." दोघांनी एकमेकांना आपापल्या डाव्या हाताला ठेवून जायचं, हे ठरलं. एवढ्या अवाढव्य बोटींचा व्यवहार, आणि दोनच शब्द!

ही शिस्त फार महागात पडून आली आहे. १८ जानेवारी १९७१ ला मध्यरात्र उलटल्यावर, अशाच धुक्यात, ॲरिझोना स्टँडर्ड आणि ओरेगन स्टँडर्ड ही दोन तेलवाहू जहाजं गोल्डन गेट पुलाजवळ धडकली. रेडिओ दोघांकडेही होता, पण चॅनेल वेगवेगळे. सुमारे आठ लाख गॅलन तेल खाडीत गेलं, हजारो पक्षी मेले. त्याच वर्षी अमेरिकेत कायदा झाला: मोठ्या जहाजांनी एकमेकांशी बोलायला ठरलेला चॅनेल ऐकत राहायचा. पुढच्या वर्षी इथलं वाहतूक केंद्र सुरू झालं.

तरीही ७ नोव्हेंबर २००७ ला कॉस्को बुसान हे कंटेनर जहाज खाडीपलीकडच्या ओकलंडहून निघून बे ब्रिज या खाडीवरच्या दुसऱ्या पुलाकडे आलं. धुकं दाट. केंद्रानं पडद्यावर त्याची दिशा पाहिली आणि चॅनेल १४ वर विचारलं, तुमचा इरादा काय? वळतोय, ठरलेल्या गाळ्यातूनच जातोय, असं उत्तर आलं. काही मिनिटांत जहाज पुलाच्या मनोऱ्याच्या तळाला घासलं. त्रेपन्न हजार गॅलनांहून जास्त तेल सांडलं. चॅनेल एकच होता, सगळे ऐकत होते. पण पायलटनं सांगितलेली दिशा आणि केंद्राच्या पडद्यावरची दिशा जुळत नव्हती.

ऐकायला सुरुवात करायची तर निरभ्र दिवशी करा. शेजारी जहाजांचा थेट नकाशा उघडा आणि आवाज कोणत्या ठिपक्याचा, ते जुळवत जा. कान तयार झाला की मग धुक्याच्या दिवशी बसा, आणि केंद्र कोणाला दुसऱ्यांदा प्रश्न विचारतंय तिकडे लक्ष ठेवा.