साक्षीची तारीख, तोडीचा हंगाम

(दृश्य: पहाटेचा अंधार. ट्रॅक्टरच्या दिव्यांच्या उजेडात उसाचा फड. कोयत्यांचा आवाज, पाचट तुडवल्याचा आवाज.)

निवेदन:
पहाटेचे साडेचार वाजलेत. कोल्हापूर जिल्ह्यातला शिरोळ तालुका. अंधार असतानाच टोळी फडात उतरली आहे, कारण ट्रॅक्टर दुपारच्या आत भरून द्यायचा आहे. नवरा बुडख्यापासून ऊस तोडत पुढे जातो. बायको मागून वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, छाटते, पाचट काढते, मोळी बांधते. मग ती मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढायचं. दोघं मिळून एक कोयता. मुकादमाकडून, म्हणजे टोळी जमवणाऱ्याकडून, आगाऊ घेतलेली उचल कोयत्यावर, हिशेब कोयत्यावर, आणि खाडा, म्हणजे कामाचा दिवस चुकल्याची कपात, पडला तर तोही कोयत्यावर. दोघांपैकी एक जण जरी गेला तरी पूर्ण खाडा.

(दृश्य: मोळी बांधणारे हात. जवळून.)

या हातांकडे बघा. या ताईंचा चेहरा आम्ही दाखवणार नाही, नाव घेणार नाही, गावही सांगणार नाही. त्या एका खून खटल्यातल्या साक्षीदार आहेत आणि खटला सुरू आहे. शेताच्या बांधावरून झालेलं भांडण त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. त्या दिवशी काय घडलं, हे आम्ही त्यांना विचारलेलं नाही. ते त्यांनी न्यायालयातच सांगायचं आहे.

आम्ही विचारलं ते एवढंच, की सांगायला जायचं कसं?

(दृश्य: बालाघाटाचे उघडे डोंगर. बीड जिल्ह्यातलं गाव. ओळीनं बंद दारं, कड्यांना कुलपं.)

हे त्यांचं गाव. धारूर, केज, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या बाजूला दिवाळीच्या आगेमागे असं चित्र गावोगाव दिसतं. गळीत हंगाम सुरू झाला की पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांच्या गाड्या येतात. भांडी, पांघरुणं, शेळ्या, लेकरं, सगळं गाडीत चढतं. मागं राहतात म्हातारी माणसं, आणि ज्यांची शाळा सुटू नये म्हणून आजीजवळ ठेवलेली मुलं.

ही निघण्याची तयारी मात्र उन्हाळ्यातच झालेली असते. मुकादम गावात येतो, कोयते ठरतात, उचल दिली जाते. या ताईंच्या कोयत्यानं लाखाच्या आसपास उचल घेतली आहे. त्यातले काही दवाखान्याला गेले, काही जुन्या देण्यात, काही घरावरच्या पत्र्यांना. पुढचे पाच-सहा महिने ऊस तोडून ती फेडायची. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ ठरली, तरी हिशेब टनावरच आहे. जेवढा ऊस गाडीत पडेल तेवढीच उचल फिटणार. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखाना बंद होईपर्यंत, फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामाच्या वहीत चढते.

दसऱ्यानंतर हे घर बंद असणार, हे गावातल्या प्रत्येकाला माहीत असतं. पोलीस पाटलाला, तलाठ्याला, शिक्षकांनाही. बाहेरगावच्या तोडणीला जाण्याची ही पद्धत काही या वर्षीची नाही.

(दृश्य: त्याच घराचं दार. कुलपाच्या वर चिकटवलेला कागद. कॅमेरा हळूहळू जवळ.)

तरी समन्स आलं ते इथं. डिसेंबरात.

समन्स कसं बजावायचं ते कायद्यात लिहिलेलं आहे. साक्षीदार सापडला नाही तर त्याच्यासोबत राहणाऱ्या घरातल्या प्रौढ माणसाकडे प्रत द्यायची. तेही जमलं नाही तर दिसेल अशा जागी दारावर लावायची. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ही प्रत फक्त प्रौढ पुरुषाकडेच देता येत होती. घरात म्हातारी सासू असली तरी कायद्याच्या लेखी घर रिकामं. तिच्या जागी 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनं ‘पुरुष’ ही अट काढली, ही चांगली गोष्ट झाली. याच संहितेनं आणखी एक वाट उघडली: समन्स मोबाइलवर, इलेक्ट्रॉनिक पद्धतीनंही पाठवता येतं. त्यासाठी पोलीस ठाण्यानं पत्ते आणि फोन नंबर यांची नोंदवही ठेवायची आहे.

इथं तो कागद दारावर लागला. शेजारच्या मुलानं त्याचा फोटो काढून ताईंच्या नवऱ्याच्या फोनवर पाठवला, म्हणून तो शिरोळला पोहोचला.

(दृश्य: कोप्यांचा, म्हणजे टोळीच्या झोपड्यांचा, अड्डा. चूल. फोनच्या काचेवर समन्सचा फोटो. टोळीतला शाळकरी मुलगा मोठ्यानं वाचतोय.)

अड्ड्यावर ते वाचून दाखवणारा हा मुलगा सातवीत आहे. तारीख, वेळ सकाळी अकरा, सत्र न्यायालय. गैरहजर राहिल्यास कायदेशीर कारवाई.

ताईंनी मुकादमाला विचारलं, ‘‘नाना, दोन रोज जाऊन यावं लागतंय. काय करावं?’’

मुकादम म्हणाला, ‘‘जा ना ताई, कोर्टाला नाही कोण म्हणतंय? पण खाडा वहीत पडंल. गाडी थांबत नाही.’’

हा मुकादम वाईट माणूस नाही, हे आम्हाला सांगितलंच पाहिजे. त्यानंही कारखान्याकडून पैसे उचललेत आणि त्याचाही हिशेब टनावरच आहे. या टोळीत एका दिवसाचा खाडा हजार रुपये आहे.

आता न्यायालयाच्या बाजूनं बघू. समन्स मिळूनही योग्य कारण नसताना साक्षीदार आला नाही, तर संक्षिप्त चौकशी करून न्यायालय त्याला पाचशे रुपयांपर्यंत दंड करू शकतं. जुन्या संहितेत हा दंड शंभर रुपये होता. खटला वेगळा चालवला तर भारतीय न्याय संहितेत, म्हणजे गुन्हे आणि शिक्षांच्या कायद्यात, न्यायालयात गैरहजर राहण्याला सहा महिन्यांपर्यंत साध्या कैदेची तरतूद आहे. आणि वॉरंट निघू शकतं. दंडाचा आकडा ताईंना ठाऊक नव्हता. वॉरंट मात्र ठाऊक होतं. टोळीसमोर पोलीस येऊन घेऊन जाणार, एवढा त्याचा अर्थ अड्ड्यावर सगळ्यांना कळतो.

त्यांनी जायचं ठरवलं.

(दृश्य: एसटी स्टँड, रात्र. एसटीच्या खिडकीतून मागे जाणारे दिवे. मिरज, पंढरपूर, बार्शी या पाट्या.)

तीनशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता. मार्च 2023 पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्याचा आधार झाला. धाकटं लेकरू सोबत, कारण अड्ड्यावर त्याला सांभाळणार कोण? नवरा मागं एकटाच थांबला. तोडेल, पण मोळी कोण बांधणार?

(दृश्य: न्यायालयाचं आवार. लिंबाचं झाड. बाकांवर, पायऱ्यांवर, जमिनीवर बसलेली माणसं. भिंतीवर लावलेला बोर्ड, त्यावर बोट फिरवणारा वकील.)

न्यायालयाच्या आत कॅमेरा नेता येत नाही. आवारात जे दिसतं ते बघा. काळा कोट घातलेल्यांना बसायला बाररूम आहे. पोलिसांना पैरवी कर्मचाऱ्यांची, म्हणजे खटल्यांचा पाठपुरावा करणाऱ्यांची, खोली आहे. आरोपी कोठडीतून आला तर त्याच्यासाठी बंदोबस्त असतो. ज्या माणसाच्या शब्दावर खटला उभा आहे, त्याला सावली मिळाली तर झाडाची.

आज इथं आलेल्या प्रत्येकाला आज दुसरीकडे असायचं होतं. त्या पलीकडे उभे आहेत ते सरकारी रुग्णालयातले डॉक्टर. शवविच्छेदन त्यांनी केलं होतं, आता बदली दुसऱ्या जिल्ह्यात झाली आहे. हे पंचनाम्यातले पंच, यांचं लग्नसराईत मंडपाचं काम असतं. डॉक्टरांची रजा कर्तव्यावर धरली जाते. पंचांचा दिवस बुडतो. आणि ताईंचा दिवस बुडून वर खाडा.

(दृश्य: दाराशी उभा शिपाई. पुकारा. ध्वनी फक्त.)

साडेतीनला पुकारा झाला. ताई लेकराला शेजारच्या बाईकडे देऊन आत गेल्या. थोड्याच वेळात बाहेर आल्या. आरोपीचे वकील दुसऱ्या न्यायालयात गुंतले होते. पुढची तारीख मिळाली.

इथं थोडं थांबून कायदा वाचायला हवा, कारण हे असंच चालायचं असं आपण सगळ्यांनी धरून चाललो आहोत. कायदा तसं म्हणत नाही. साक्षीदार हजर असेल तर त्याची तपासणी केल्याशिवाय काम तहकूब करायचं नाही. केलंच तर विशेष कारण लेखी नोंदवायचं. वकील दुसऱ्या न्यायालयात आहेत हे तहकुबीचं कारण होऊ शकत नाही, असं स्पष्ट शब्दांत लिहिलेलं आहे. साक्षीदार हजर आहे आणि वकील नाहीत, तर न्यायालय साक्षीदाराचा जबाब नोंदवून पुढे जाऊ शकतं. तहकुबी मागणाऱ्यावर खर्च बसवता येतो. आणि साक्षीदाराला येण्याजाण्याचा वाजवी खर्च शासनाकडून देण्याचा आदेशही न्यायालय देऊ शकतं, राज्याच्या नियमांप्रमाणे. हे सगळं आजच्या संहितेत आहे, आणि जुन्या संहितेतही होतं.

सर्वोच्च न्यायालयानं 2000 साली स्वर्णसिंग विरुद्ध पंजाब राज्य या निकालात साक्षीदारांचे हाल सविस्तर लिहिले. दुरून स्वतःच्या खर्चानं येणं, बसायला जागा नसणं, तारखेवर तारीख पडत साक्षीदार थकून जाईपर्यंत खटला लांबवला जाणं. न्यायमूर्ती वाधवांनी हे लिहिलं त्याला पाव शतक झालं.

खर्चाचा अर्ज करता येतो हे ताईंना त्या दिवशी कोणी सांगितलं नाही. रात्रीच्या गाडीनं त्या परत निघाल्या. थकलेले साक्षीदार पुढे येईनासे होतात, काही फितूर होतात, आणि पुराव्याअभावी आरोपी सुटतात.

(दृश्य: पुन्हा फड. सकाळ. ताई मोळी उचलताना. मग टेबलावर अर्ज लिहिणारा हात.)

पुढची तारीख जानेवारीत होती. ऐन हंगामात. ती पडली तेव्हा ताई तिथंच उभ्या होत्या. ‘तुम्ही तेव्हा कुठे असाल?’ हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नाही. वकिलांची सोय बघितली गेली, पोलिसांच्या बंदोबस्ताचं बघितलं गेलं. ते बघायलाच हवं. पण तारीख ठरवताना ज्या एका माणसाला तीनशे किलोमीटरवरून यायचं आहे, त्याची सोयही एका वाक्यात विचारता येते.

या वेळी गावातल्या एका कार्यकर्त्यानं त्यांची तालुका विधी सेवा समितीशी गाठ घालून दिली. तिथं अर्ज लिहून मिळाला. अर्जदार साक्षीदार असून ऊसतोडणीच्या कामावर शिरोळ तालुक्यात आहे. तिची साक्ष तिथून जवळच्या न्यायालयातून व्हिडिओ कॉन्फरन्सिंगद्वारे नोंदवावी, किंवा पट्टा पडल्यानंतरची तारीख द्यावी. कारखान्याच्या तोडणी पावतीची झेरॉक्स सोबत जोडली.

या मागणीत नवं काहीच नाही. महाराष्ट्र शासन विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल 2003 मध्येच ठरवलं की फौजदारी खटल्यात साक्ष व्हिडिओ कॉन्फरन्सिंगनं नोंदवता येते. तेव्हा साक्षीदार अमेरिकेतले डॉक्टर होते. साक्ष द्यायला तयार होते, भारतात यायला तयार नव्हते. न्यायालयानं त्यांची अडचण समजून घेतली. नव्या संहितेत सत्र खटल्यातली साक्ष अशा दृकश्राव्य साधनांनी घेण्याची तरतूद थेट कलमातच आहे. मुंबई उच्च न्यायालयाचे त्यासाठीचे नियम आहेत. साक्षीदार ज्या ठिकाणी बसतो तिथं एक समन्वयक असतो. ओळख पटवायची, खोलीत पढवणारं कोणी नाही ना हे बघायचं, कागद दाखवायचे, ही त्याची कामं.

2003 साली अमेरिकेतल्या डॉक्टरांना जे मिळालं, ते शिरोळच्या फडातल्या बाईला मिळायला अडचण कसली?

(दृश्य: तालुक्याच्या न्यायालयाची इमारत, बाहेरून. धुतलेलं लुगडं नेसलेल्या ताई, पाठमोऱ्या, पायऱ्या चढताना.)

अर्ज मंजूर झाला. त्या तारखेला ताई पहाटे फडात गेल्या, सकाळी अंघोळ करून टमटमनं न्यायालयात आल्या. पडद्यावर तिकडचे न्यायाधीश, सरकारी वकील, आरोपीचे वकील आणि आरोपी. शपथ झाली, सरकारी वकिलांचा सरतपास झाला, आरोपीच्या वकिलांचा उलटतपास झाला. मध्ये एकदा आवाज तुटला म्हणून प्रश्न पुन्हा विचारला गेला. दुपारी दोनला त्या मोकळ्या झाल्या. मुकादमानं अर्धा खाडा धरला.

(दृश्य: अड्डा, संध्याकाळ. वाढ्यांचे भारे, बैलं. ताईंचा आवाज, चेहरा नाही.)

ताईंचा आवाज: ‘‘तिकडं पिंजऱ्यात उभं राहायची भ्या वाटत होती. इथं बसून बोलले. जे बघितलं ते बोलले. तारीख ध्यानी ठिऊन बोलवलं, तर कोण नाही म्हणतंय हो?’’

निवेदन:
एक साक्ष झाली. याच खटल्यातले आणखी दोन साक्षीदार सध्या कर्नाटकात, चिक्कोडीकडे तोडणीला आहेत. त्यांची समन्सं गावातल्या पत्त्यावर निघाली आहेत. त्यांचेही अर्ज लिहून झालेत, पण ते दुसऱ्या राज्यात असल्यानं तिथल्या न्यायालयाशी पत्रव्यवहार करावा लागणार आहे. त्यांची तारीख फेब्रुवारीतली आहे.

(दृश्य: भरलेल्या ट्रॉल्यांची कारखान्याच्या गेटवरची रांग. श्रेयनामावली.)