रूळ उचलल्यावर उरते ती वाट
(बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातील एका वाचनालयात, जुन्या रेल्वेमार्गांवरच्या सायकलवाटा आणि तिथले फोटो या विषयावर झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

गोव्यात उतरणाऱ्या कॅसलरॉक ते कुळे या घाटात रेल्वेचा चढ ३७ला १ आहे. ३७ मीटर पुढे गेलं की गाडी १ मीटर वर चढते. तुम्हाआम्हाला हा चढ काहीच वाटणार नाही. रेल्वेच्या हिशेबात मात्र तो फार खडा, म्हणून तिथं वर येणाऱ्या गाडीला मागूनही इंजिनं लावतात. लोखंडी रुळावर लोखंडी चाकाची पकड कमी. त्यामुळे रेल्वे बांधणारा माणूस डोंगर आडवा आला की भराव टाकतो, खिंड खोदतो, बोगदा पाडतो, लांबचा वळसा घेतो, पण चढ वाढू देत नाही.

जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला घाटाकडे सायकल घेऊन गेलेले काही जण समोर बसलेत. चढावर त्यांची नजर कुठं असते ते विचारा. पुढच्या चाकाखालच्या डांबरावर! दम सांभाळायचा, मागून येणारा ट्रक सांभाळायचा, त्यात बघणार काय? बंद पडलेल्या रेल्वेचे रूळ उचलून तिथं सायकलवाट केली की हे दोन्ही त्रास जातात. माझ्या वयाची बाईसुद्धा बोलत बोलत चढते आणि मान वर राहते. फोटो काढणाऱ्याला याहून मोठी सोय नाही असं माझं ठाम मत आहे.

इंग्लंडात मुलीकडे राहिले तेव्हा ब्रिस्टल ते बाथ ही वाट मला मिळाली. साधारण २१ किलोमीटर. १९६०च्या दशकात तिथं तोट्यातल्या लाइनी भराभर बंद झाल्या, त्यातली ही एक. १९७९ ते १९८६ या काळात सायकलप्रेमी मंडळींनी पुढाकार घेऊन, कितीतरी ठिकाणी स्वतः फावडी धरून, ती सायकलवाट केली. बिटन नावाच्या जुन्या स्टेशनाजवळ हौशी लोकांनी थोडा लोहमार्ग परत घातलाय, त्यावर वाफेचं इंजिन धावतं आणि शेजारून तुम्ही सायकल मारता. तिथं प्रत्येक जण इंजिनाचाच फोटो काढतो. मीही काढला. पण घरी आल्यावर ज्या फोटोंकडे मी पुन्हा पुन्हा वळते ते मोऱ्यांचे, पुलाच्या कमानीतल्या काजळीचे, गवतात उरलेल्या फलाटाच्या काठाचे आहेत.

बोगद्याबद्दल जरा सविस्तर बोलते, कारण सगळ्यात जास्त फोटो तिथंच फसतात. बाथजवळच्या दुसऱ्या एका वाटेवर कूम डाउनचा बोगदा आहे, १,६७२ मीटर लांब. २०१३ साली तो सायकलींसाठी उघडला. या बोगद्याला मधे कुठंही हवा जायला झरोका नाही. १९२९च्या नोव्हेंबरमध्ये एका मालगाडीचे ड्रायव्हर आणि फायरमन आत धुरानं बेशुद्ध पडले. गाडी तशीच उतारावरून बाथच्या यार्डात जाऊन आदळली आणि तीन माणसं गेली. आज त्याच जागेतून शाळेची पोरं घंटी वाजवत जातात. हे माहीत असलेल्या माणसाचा फोटो वेगळा येतो, कारण तो भिंतीकडे बघतो.

आता कॅमेऱ्याचं. मोबाइल असला तरी चालेल. बोगद्यात तो अंधाराकडे बघून उजेड वाढवतो आणि तोंडाशी नुसता पांढरा गोळा उरतो. म्हणून पडद्यावर बाहेरच्या उजेडावर बोट ठेवून उजेडाचं मोजमाप तिथलं घ्या. आत येणारा सायकलवाला काळ्या आकृतीसारखा दिसेल, तेच हवंय. फ्लॅश नको, समोरच्याचे डोळे दिपतात आणि तो पडतो. सायकल भिंतीला लावून मगच थांबा. खिंडीत दुपारी जाऊ नका, एक बाजू जळते, दुसरी काळी पडते. ढगाळ दिवस खिंडीसाठी, कोवळं ऊन भरावासाठी. भरावावर आपण शेतांच्या वर असतो, सकाळी बांधांच्या सावल्या लांब पडतात आणि जमिनीची सगळी रचना दिसते.

अशी वाट टिकते कशानं? रुळांखालच्या जमिनीचा पट्टा एकसंध राहिला तरच. मधला एक पूल पाडला, चार प्लॉट विकले, की संपलं. अमेरिकेनं १९८३ साली कायद्यात सोय केली, की बंद लाइनीचा पट्टा वाटेसाठी वापरात ठेवायचा, पुढं गरज पडली तर रेल्वे परत येऊ शकते. मिझुरी राज्यातली केटी ट्रेल, सुमारे ३८५ किलोमीटरची, याच सोयीमुळे उभी राहिली. आपल्या शेजारचंच बघा. अळणावर-दांडेलीची प्रवासी गाडी कित्येक वर्षं बंद होती, २०१९ला ती पुन्हा धावली. पट्टा जाग्यावर होता म्हणून!

आपल्या तालुक्यात रूळ उचलून केलेली अशी वाट नाही. पण रेल्वे आहे आणि ती झपाट्यानं बदलतेय. १९९०च्या दशकात मीटरगेज, म्हणजे जुने अरुंद रूळ गेले, आता दुपदरीकरण. बेळगावचं नवं स्टेशन २०२३ साली सुरू झालं. जुन्या इमारतीचे चांगले फोटो घरात किती जणांकडे आहेत? हात वर करा. बघा, किती थोडे.

म्हणून माझी विनंती, सायकल काढा. देसूर, इदलहोंड, खानापूर, गुंजी, लोंढा, रेल्वेच्या आसपासच्या रस्त्यांनी जा. रुळांवर मात्र पाऊल टाकायचं नाही. १९८९च्या रेल्वे कायद्यानं तो गुन्हा आहे, आणि दूधसागरसाठी रुळांवरून चालत जायलाही मनाई आहे. फाटक, रस्त्यावरचा पूल, स्टेशनाबाहेरचं आवार, एवढ्या जागा पुष्कळ झाल्या. जांभ्या दगडाच्या भिंती, जुन्या मोऱ्या, चढ-उताराच्या पाट्या, फाटकावरची खोली, जे जे जाणार आहे ते आधी टिपा. पावसाळा संपता संपता जा, तेव्हा जांभा ओला असतो आणि त्याचा लाल रंग खरा येतो.

आणि प्रत्येक फोटोला तारीख, जवळचं गाव, दिसत असेल तर किलोमीटरच्या दगडावरचा आकडा, आणि तुम्ही कुठल्या दिशेला तोंड करून उभे होता हे लिहा. फाटकवाल्यानं, गँगमननं काही सांगितलं तर तेही, त्याच्याच शब्दांत, तो मराठीत बोलो की कन्नडमध्ये. पुढं कधी या पट्ट्यातला एखादा तुकडा मोकळा झाला आणि त्याची वाट करायची वेळ आली, तर कुठली मोरी कुठं होती हे सांगायला कागद लागतील. ते कागद या वाचनालयात ठेवायला जागा द्यायचं कार्यवाहांनी कबूल केलंय. पुढच्या महिन्यापासून आणून द्या.