लग्न हीसुद्धा कॅज्युअल्टीच

(माजी सैनिकांच्या मेळाव्यातील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, विषय दिलाय ‘राहून गेलेली मेडलं कशी मिळवायची’ आणि वेळ दिलीय पस्तीस मिनिटं. पद्धत सांगायला दहा पुरतात. उरलेली पंचवीस मी पार्ट टू ऑर्डरवर घालवणार आहे, कारण तुमचं मेडल जिथं अडकलंय ती जागा तीच आहे, आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. मागे बसलेले सुभेदारसाहेब हसतायत, म्हणजे त्यांनी कधीतरी कंपनी ऑफिसात काम केलंय.

हात वर करा बघू. घरी डिस्चार्ज बुक, म्हणजे सुटताना मिळालेलं नोकरीच्या नोंदींचं पुस्तक, किती जणांकडे आहे? जवळजवळ सगळ्यांकडे. त्यातल्या किती जणांनी ते लॅमिनेट करून घेतलंय? हं. ते हात तसेच लक्षात ठेवा, शेवटी तुमच्याकडे येतो.

आता पार्ट टू ऑर्डर. पलटणीत रोज निघायची ती पार्ट वन: उद्या पीटी किती वाजता, गार्ड कोण, पाणी कधी. पार्ट टू म्हणजे माणसाच्या नोकरीत जे जे घडलं त्याची छापील नोंद. भरती, बदली, रजा, कोर्स, बढती, हॉस्पिटल, शिक्षा, मेडल. या प्रत्येक घटनेला दप्तराच्या भाषेत ‘कॅज्युअल्टी’ म्हणतात. आपल्याकडे कॅज्युअल्टी म्हटलं की माणूस जखमी झाला किंवा गेला. रेकॉर्ड ऑफिसात, म्हणजे जिथं जवानांचं दप्तर असतं तिथं, तसं नाही. तुम्ही लग्न केलंत, कॅज्युअल्टी. मुलगी झाली, कॅज्युअल्टी. वहिनी हसतायत, पण ती नोंद झाली नसती तर उद्या फॅमिली पेन्शनला तुमचं नाव कुठून आलं असतं? ज्या हेड क्लार्कने लग्नाला कॅज्युअल्टी लिहिलं त्याचे उपकार माना.

तर युनिट पार्ट टू काढतं, ती रेकॉर्ड ऑफिसला जाते, आणि तिथला क्लार्क ती बघून तुमच्या शीट रोलवर चढवतो. शीट रोल हा मूळ कागद. डिस्चार्ज बुक हे तुमच्या हातात दिलेलं, त्याच्यावरून भरलेलं पुस्तक. म्हणजे साखळी अशी: घटना, मग पार्ट टू, मग शीट रोल, मग डिस्चार्ज बुक. तुम्ही शेवटची कडी हातात घेऊन भांडता, ‘माझ्या बुकात पश्चिमी स्टार (१९७१ च्या पश्चिम आघाडीचं मेडल) नाही’ म्हणून. रेकॉर्ड ऑफिस मधली कडी बघतं आणि लिहितं, ‘शीट रोलवर नोंद नाही, सबब पात्रता सिद्ध होत नाही’. तुम्हाला वाटतं सरकार खोटं म्हणतंय. सरकार खोटं म्हणत नाही, सरकार वाचतंय. पार्ट टूची कडीच कोणी ओवली नाही, त्याला वाचणारा काय करणार?

कडी न ओवण्याचं सगळ्यात मोठं कारण एकच: अटॅचमेंट. हे नीट ऐका. समजा एक सिग्नलचा जवान १९७१ साली शांततेच्या ठाण्यात पोस्टेड आहे. नोव्हेंबरात ऑर्डर येते, रेडिओ सेट उचल आणि राजस्थानात अमुक पायदळ ब्रिगेडबरोबर जा. गडी ट्रकमध्ये बसला, लढाई झाली, फेब्रुवारीत परत आला. त्याचं पोस्टिंग बदललं का? नाही. तो ‘अटॅच’ होता. मूळ युनिटच्या हजेरीत तो त्यांचाच, फक्त बाहेर. ब्रिगेडच्या दृष्टीने तो पाहुणा. त्याची पार्ट टू काढायची जबाबदारी आपली नाही असं तिथला क्लार्क समजला. मूळ युनिटचा क्लार्क समजला की ज्यांनी वापरला ते काढतील. लग्नात दोन्हीकडच्या मंडळींना वाटतं मानपान समोरचे बघतील, आणि नवरदेव उपाशी राहतो, तसं. शीट रोल पाहिला तर हा माणूस अख्खी लढाई शांततेच्या ठाण्यात बसून होता! रणांगणाच्या क्षेत्रात असल्याची नोंद नाही म्हणून पश्चिमी स्टार नाही. त्याच्या शेजारच्या बंकरमधला पायदळी शिपाई, पलटणीबरोबर गेलेला, त्याला मिळाला.

पायदळाचं त्या मानाने सोपं. १९७१ ला आजच्या बांगलादेशात पहिली मराठा पलटण जमालपूरला होती, दुसरी पॅरा, म्हणजे आपली जुनी तिसरी मराठा, ११ डिसेंबर १९७१ ला टांगाईलला उतरली. अख्खी पलटण एका जागी, यादी एकत्र. पलटणीतला कोणी सुटलाच तर हॉस्पिटलमध्ये, रजेवर किंवा कोर्सला असलेला. जास्त सुटले ते सिग्नल, ईएमई (यंत्रदुरुस्तीवाले), एएससी (रसद-वाहतूकवाले), मेडिकल, म्हणजे सुटे सुटे पाठवलेले. टेलिफोनची तार ओढणारे, गाडी दुरुस्त करणारे. खालून आवाज आला, ‘आणि स्वयंपाकी’. बरोबर. लंगर आघाडीवर असतो, पण लंगरीचं नाव यादीत शेवटी.

दुसरं कारण नंबर. हवालदाराचा नायब सुभेदार झाला की नवा जेसी, म्हणजे ज्युनिअर कमिशन्ड, नंबर मिळतो. आधीची सगळी नोकरी जुन्या नंबरावर. मेडल मागताना साहेब ऐटीत जेसी नंबर लिहितात आणि १९७१ ची यादी जुन्या नंबरावर लागलेली असते. तसंच डीएससीचं, म्हणजे डिफेन्स सिक्युरिटी कोअरचं. आपल्याकडचे कितीतरी जण पेन्शनीनंतर डीएससीत गेले; तिथं नवा नंबर, दप्तर कन्नूरला. आधीचं दप्तर बेळगावला किंवा सागरला. अर्जात दोन्ही नंबर, दोन्ही काळ, दोन्ही युनिटं लिहा. नंबराच्या शेवटचं इंग्रजी अक्षरसुद्धा. ते गाळलंत तर कधीकधी दुसऱ्याच माणसाची फाईल निघते.

तिसरं कारण, वेळ. मेडल जाहीर होणार, यादी बनणार, टाकसाळीत पडणार, कडेवर नाव कोरलं जाणार. यात वर्षं जातात. तोवर गडी पंधरा वर्षांची नोकरी संपवून घरी येऊन ऊस लावतो. पार्सल जुन्या पत्त्यावर जातं, पत्ता सापडत नाही, परत फिरतं. अशा माणसाच्या दप्तरात नोंद आहे, हातात मेडल नाही. त्याची तक्रार पूर्णपणे वेगळी. त्याला नोंद सुधारायची नाही, फक्त वाटप हवंय. हा फरक अर्जाच्या पहिल्या ओळीत आला पाहिजे. नोंद आहे, मेडल नाही. मेडल आहे, नोंद नाही. किंवा दोन्ही नाही. तीन वेगळे रोग, तीन वेगळी औषधं. ‘मला माझी सर्व मेडलं मिळावीत ही विनंती’ असा अर्ज आला की त्याला उत्तरही तसंच सर्वसाधारण मिळतं.

मेडल आहे पण नोंद नाही, असं असेल तर घरी जाऊन भिंग घ्या आणि मेडलची कड बघा. नंबर, हुद्दा, नाव कोरलेलं असतं. तोच तुमचा पुरावा. कडेचा फोटो काढा, चारी बाजूंनी. कड कोरी असेल तर ते बहुधा कॅन्टोन्मेंटच्या शिंप्याकडून घेतलेलं. छातीवर शोभतं, अर्जाला चालत नाही. आणि कडेवर ‘शिपाई’ लिहिलंय आणि मी तर हवालदार होऊन निघालो, अशी तक्रार करू नका. तो हुद्दा त्या वेळचा.

आता काय मागायचं हेही. लोक मागतात ते जे मिळणार नाही, आणि सोडतात ते जे हक्काचं आहे. नऊ वर्षांचं आणि वीस वर्षांचं दीर्घ सेवा मेडल, हे नोकरी नीट झाली की येतं. ‘लाँग सर्व्हिस अँड गुड कंडक्ट’ हे निवडून, मोजक्यांना दिलं जातं. त्याचा अर्ज करून भांडण्यात अर्थ नाही. १५ ऑगस्ट १९७२ ला वर्दीत होतात? पंचविसाव्या वर्धापनदिनाचं मेडल. १५ ऑगस्ट १९९७ ला होतात? पन्नासाव्याचं. ही दोन तर तारीख दाखवली की झालं, आणि नेमकी हीच राहतात, कारण कोणी मागतच नाही. १९७१ ला पूर्वेला असाल तर पूर्वी स्टार, पश्चिमेला पश्चिमी, शिवाय संग्राम मेडल. १९६५ ला समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल. सैन्य सेवा मेडलचं लक्षात ठेवा: नेफात, म्हणजे आजच्या अरुणाचलात, राहिलात आणि काश्मिरातही, तर दोन मेडलं नाहीत. एक मेडल, त्यावर दोन क्लास्प, म्हणजे त्या पट्ट्या. श्रीलंकेत गेलेल्यांना स्पेशल सर्व्हिस मेडलवर ‘श्रीलंका’ पट्टी. वेगळं श्रीलंका मेडल शोधत बसू नका. आणि शत्रूच्या कारवाईत जखमी झालेल्यांनी पराक्रम पदक विसरू नका. त्या एका नोंदीमागे कधीकधी पेन्शनचा प्रश्नही उभा असतो.

अमेरिकेत सेंट लुईसला १२ जुलै १९७३ ला त्यांच्या सैनिकी दप्तराला आग लागली, एक कोटी साठ ते ऐंशी लाख फायली गेल्या. तरी तिथला म्हातारा सैनिक आज अर्ज करतो आणि डिस्चार्जचा कागद चुकला असेल तर डीडी २१५ नावाची दुरुस्तीची चिठ्ठी त्याला मिळते. आपल्याकडे आग लागावी लागत नाही. नियमानेच जातं. पेन्शन न मिळालेल्यांचे शीट रोल पंचवीस वर्षं ठेवून नष्ट करतात, रेग्युलेशन्स फॉर द आर्मीचा परिच्छेद ५९५. म्हणजे १९७५ ला सुटलेल्याचा कागद २००० नंतर शोधायचा नाही. पण लाँग रोल, म्हणजे रेकॉर्ड ऑफिसातली जवानांची मोठी नोंदवही, राहतो, कायमचा. उत्तर आलं की ‘दस्तऐवज नष्ट’, तर तिथं थांबू नका. ‘लाँग रोलचा उतारा द्या’ असं लिहा.

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय. सात मिनिटं. बरं, आता पद्धत, भराभर.

पत्र रेकॉर्ड ऑफिसला. राष्ट्रपतींना नाही, पंतप्रधानांना नाही. तिथं गेलेलं पत्र चार टेबलं फिरून रेकॉर्ड ऑफिसलाच येतं. मराठा बेळगाव, महार सागर, बॉम्बे सॅपर्स खडकी, तोफखाना नाशिक रोड कॅम्प, रणगाडा आणि मेकॅनाइज्ड नगर, गार्ड्स कामठी, सिग्नल जबलपूर, ईएमई सिकंदराबाद. नौदलवाल्यांचं मानखुर्दला चीता कॅम्प, हवाईदलाचं दिल्लीला सुब्रतो पार्क. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवलंत तर आवक-जावक नंबर मिळतो, तो जपून ठेवा.

अर्जात एक तक्ता: कोणतं मेडल, कोणती तारीख ते कोणती तारीख, कोणतं युनिट, कुणाबरोबर अटॅच, कुठे. पुढे विनंती: ‘या काळाची पार्ट टू ऑर्डर प्रसिद्ध झाली आहे का, असल्यास क्रमांक व वर्ष कळवावे, नसल्यास ती नोंद घ्यावी.’ मेडल हा शब्द त्यानंतर. नोंद झाली की मेडल मागून येतं, नोंदीशिवाय ते निघतच नाही.

पुरावा म्हणून मूव्हमेंट ऑर्डर, हॉस्पिटलचे कागद, कोर्सचं सर्टिफिकेट. आणि वहिनी, ट्रंकेत तळाशी नवऱ्याची इनलँड पत्रं असतील. ती जाळू नका. ‘केअर ऑफ ५६ एपीओ’ किंवा ‘९९ एपीओ’ (आर्मी पोस्ट ऑफिस) असं लिहिलेलं, पाठीमागे युनिटचं नाव, आणि फील्ड पोस्ट ऑफिसचा गोल शिक्का, त्यात नंबर आणि तारीख. फक्त त्यावर मेडल मिळत नाही, पण त्या तारखेला माणूस कोणत्या युनिटबरोबर होता हे त्यावरून शोधता येतं. आतला मजकूर झाकून झेरॉक्स काढा, क्लार्कला तो वाचायची गरज नाही. साथीदाराचं प्रतिज्ञापत्र द्यायचं तर ज्याच्या स्वतःच्या बुकात तेच युनिट आणि त्याच तारखा आहेत त्याचंच. गावातल्या सरपंचाचं चालत नाही, तो लढाईत नव्हता.

उत्तर नाही आलं तर माहिती अधिकार: दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर, शीट रोल, लाँग रोल आणि पार्ट टू यांच्या साक्षांकित प्रती. तीस दिवसांत उत्तर, नाही तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर नव्वद दिवसांत केंद्रीय माहिती आयोग. नकार लेखी आला की सशस्त्र दल न्यायाधिकरण, २००७ चा कायदा, आपल्यासाठी मुंबईचं खंडपीठ. मुदत सहा महिने. पत्रांवर पत्रं पाठवून ती मुदत वाढत नाही, तेव्हा जुनं प्रकरण असेल तर उशीर माफ करण्याचा अर्ज सोबतच जोडा आणि कारण खरं लिहा.

आता लॅमिनेशनवाले. नोंद मंजूर झाली की मूळ बुकात शाईने लिहून शिक्का मारावा लागतो. प्लॅस्टिकवर ना शाई टिकते, ना शिक्का. सोलायला गेलात तर कागद सोबत येतो. ते बुक तसंच राहू द्या, दुरुस्तीचं वेगळं पत्र मागा आणि बुकासोबत ठेवा. बाकीच्यांनी आज घरी जाऊन सगळ्या पानांची झेरॉक्स काढा, कोऱ्या पानांचीसुद्धा, आणि मूळ बुक कोणी लेखी मागितल्याशिवाय पोस्टात टाकू नका.

पाकीट आलं की रिबन बघायच्या आधी कड बघा. नंबर चुकला असेल तर त्याच आठवड्यात परत लिहा, मेडल पाठवा, पण फोटो काढून. वहिनी, तुमचा नावातल्या स्पेलिंगचा प्रश्न राहिला. तो चहाला घेऊ, पेन्शन पेमेंट ऑर्डर सोबत आणलीय ना?